नाशिक परिसरातल्या जमिनीवरच्या गोगलगायी: गट कसे पाडायचे, नाव कुठपर्यंत द्यायचं?

गोदाकाठची_नोंद

नमस्कार मंडळी. नाशिक शहर ते इगतपुरी या पट्ट्यातल्या जमिनीवरच्या गोगलगायींची यादी करायचं काम आमच्या निसर्गमंडळानं हाती घेतलंय. पाण्यातल्या गोगलगायी सध्या बाजूला ठेवल्यात. आतापर्यंतचे नमुने असे:

क) गंगापूर रोडवरची बाग, कंपोस्टच्या खड्ड्याभोवती. शंख ६ ते ७ सेंमी उंच, तपकिरी, उभे वेडेवाकडे पट्टे.
ख) त्याच बागेत कुंड्यांखाली. दीड सेंमी रुंद, चपटा, काचेसारखा चकाकणारा.
ग) तांदळाच्या दाण्यासारखे बारीक लांबट शंख. काही बागेतल्या मातीत, काही पांडवलेणीच्या पायथ्याच्या कोरड्या उतारावर.
घ) इगतपुरीकडच्या झाडीत पालापाचोळ्याखाली. मुख गोल, आत गोल झाकण.
च) तिथलाच एक, वेटोळी बाकीच्यांच्या उलट दिशेनं फिरल्यासारखी वाटतात.
छ) गंगापूर धरणाच्या काठी ओल्या गवतावर. मधाच्या रंगाचा, अतिशय पातळ, मुख फार मोठं.
ज) शंखच नाही. चपटी, काळपट, पाठीच्या मधोमध फिकट रेघ.

फोटो ओळखणाऱ्या ॲपवर टाकले की दर वेळी वेगळं नाव येतं. एका यादीत जे कुळ दिसतं ते दुसऱ्या यादीत नसतंच. प्रश्न तीन. सुरुवातीची विभागणी कशावरून करायची? शंखावरून नाव कोणत्या पातळीपर्यंत खात्रीनं देता येतं? आणि नमुने जपायचे कसे?

शंखशिखर

ॲपचं नाव तूर्त विसरा आणि जिवंत प्राण्याच्या डोक्याकडे बघा. शंखाचा आकार फसवतो, कारण चपटा, लांबट किंवा गोल आकार वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे अनेकदा तयार झालाय. डोकं तितकं फसवत नाही.

शिंगांची, म्हणजे स्पर्शकांची, एकच जोडी असेल, डोळे शिंगांच्या बुडाशी असतील आणि पायाच्या मागच्या भागावर झाकण असेल तर ती झाकणवाली. तुमचा घ या गटातला. या गोगलगायींत नर-मादी वेगळे असतात, आणि नात्यानं त्या बागेतल्या साध्या गोगलगायीपेक्षा पाण्यातल्या झाकणवाल्यांना जवळच्या आहेत. शिंगांच्या दोन जोड्या, डोळे वरच्या लांब जोडीच्या टोकाला, आणि टोकाला बोट लावल्यावर शिंग मोज्यासारखं आत उलटं ओढलं जातं, असं असेल तर ती स्टायलोमॅटोफोरा. या उभयलिंगी असतात आणि हवा फुप्फुसासारख्या पोकळीत घेतात. क, ख, ग, च, छ या सगळ्या इथे.

ज दोन्हींत बसत नाही. शेतकरी जिला शेंबी म्हणतात त्या सगळ्या एका घरातल्या नाहीत. उजव्या कुशीवर श्वासाचं भोक आणि पुढच्या भागावर खोगिरासारखा पडदा दिसला तर ती स्टायलोमॅटोफोरातली शेंबी. अख्खी पाठच चामड्यासारख्या आवरणानं झाकलेली, कुशीवर भोक नाही, आणि उलटी केली की मधोमध पायाची अरुंद पट्टी, तर व्हेरोनिसेलिडी कुळ. पाठीवरच्या फिकट रेघेवरून तुमची बहुधा लेविकॉलिस अल्टे आहे. ती मूळची आफ्रिकेतली, आता उष्ण कटिबंधात बऱ्याच ठिकाणी पसरलेली. पोटाकडून फोटो घ्या, मग ठरेल.

आता एकेक.

क: लिसाकॅटिना फुलिका, आपल्याकडची शंखी, म्हणजे मोठी आफ्रिकन गोगलगाय. मूळ पूर्व आफ्रिका. विल्यम बेन्सन यांनी १८४७ मध्ये मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडली, तिथून देशभर गेली. मोठी ओळखणं सोपं, घोटाळा पिल्लांचा होतो. दीड-दोन सेंमीचं पिल्लू गोलसर, पातळ असतं आणि लोक त्याला स्थानिक जात म्हणून नोंदवतात. मुखातून आत बघा. शंखाचा मधला खांब खाली मुखाच्या कडेत हळूच मिसळण्याऐवजी चाकूनं कापल्यासारखा एकदम संपतो. ही खूण पिल्लातही दिसते. शिवाय शंखाच्या तळाला नाभी, म्हणजे मधलं छिद्र, नसतं.

ख: ॲरिओफँटिडी. शेपटीच्या टोकाला चिकट स्राव सोडणारा खड्डा आणि त्यावर छोटं शिंग दिसलं की कुळ पक्कं. अंगातून निघालेले मांसल पदर शंखावर फिरत असतील तर मॅक्रोक्लॅमिसच्या गटातली. त्या पदरांनी पुसला जात असल्यामुळेच शंख इतका गुळगुळीत राहतो. सगळे जण याला मॅक्रोक्लॅमिस इंडिका लिहून मोकळे होतात. तसं करू नका. चकचकीत, चपट्या, तपकिरी शंखाच्या अनेक जाती आहेत आणि त्यांतला फरक जननेंद्रियांच्या रचनेत असतो. यादीत "मॅक्रोक्लॅमिस, जात अनिश्चित" एवढंच लिहा. वरचा पृष्ठभाग जाळीदार किंवा खरखरीत आणि खालचा गुळगुळीत असा शंख मिळाला तर क्रिप्टोझोना हा वंश तपासा. तोही याच कुळातला.

ग मध्ये तुम्ही निदान दोन, कदाचित तीन गोष्टी एकत्र केल्यात. भिंगाखाली धरा. बागेतला, निमुळता, अर्धपारदर्शक, मुखात दात नसलेला असेल तर ॲलोपिअस ग्रॅसिलीसारखा. कुंड्यांच्या मातीबरोबर जगभर फिरलेली ही गोगलगाय आहे. कोरड्या उतारावरचा, जाडसर, पांढुरका, दंडगोलासारखा, बोथट टोकाचा, अंगावर बारीक उभ्या रेघा असलेला असेल तर झूटेकस. झूटेकस अंडी बाहेर घालण्याऐवजी पोटात उबवते, त्यामुळे मोठ्या शंखाच्या आत चिमुकले शंख सापडले तर तो कचरा समजून टाकू नका, ती खूण आहे. तिसरा प्रकार काचेसारखा, ६-७ मिमी उंच, मुखात दात, आणि जिवंत असेल तर आतला प्राणी केशरी-पिवळा: हट्टोनेला बायकलर, स्ट्रेप्टॅक्सिडी कुळ. ही मांसाहारी आहे, ॲलोपिअससारख्या लहान गोगलगायी खाते. त्यामुळे दोघी एकाच कुंडीत मिळतात आणि एकाच डबीत जातात.

छ: सक्सिनिडी. मुख शंखाच्या उंचीच्या निम्म्याहून अधिक, वेटोळी जेमतेम तीन. जातीचं नाव शंखावरून देऊच नका. हे कुळ त्यासाठी कुप्रसिद्ध आहे.

सह्यकडा

च बद्दल. शिखर वर आणि मुख तुमच्याकडे असं धरा. मुख उजवीकडे आलं तर उजवा शंख, डावीकडे आलं तर डावा. बहुसंख्य गोगलगायी उजव्या असतात. पश्चिम घाटात चपटा-गोल, मध्यम आकाराचा, डावा शंख मिळाला तर ॲरिओफँटा वंश आधी तपासावा. त्यातली ॲरिओफँटा लेविपेस मुंबई-कोकणाकडून जुनी नोंदलेली आहे आणि ती डावी आहे.

पण आधी फोटो कोणत्या कॅमेऱ्यानं काढलाय ते बघा. मोबाईलचा पुढचा कॅमेरा, किंवा फोटो आडवा उलटवणारं कुठलंही ॲप, उजव्याचा डावा करतं. प्रत्येक फोटोत शंखाशेजारी लिहिलेली चिठ्ठी ठेवा. अक्षरं सुलटी दिसली तर दिशा खरी. शिवाय दिशेवरून एकदम जात वेगळी काढू नका. आग्नेय आशियातल्या ॲम्फिड्रोमस वंशात काही जातींत एकाच झाडावर डावे आणि उजवे दोन्ही शंख मिळतात.

मोजमापांची पद्धतही एक ठेवा, नाहीतर मंडळातल्या दोघांचे आकडे जुळणार नाहीत. उंची शंखाच्या अक्षाला समांतर मोजायची, रुंदी त्याला काटकोनात, ०.१ मिमीपर्यंत, व्हर्नियरनं. ५ मिमीच्या खालचे शंख व्हर्नियरच्या जबड्यात फुटतात, ते आलेख कागदावर ठेवून भिंगातून फोटो घ्या आणि फोटोवर मोजा. वेटोळी वरून मोजायची. शिखराशी पहिलं अर्धवर्तुळ जिथे वळायला लागतं तिथून सरळ रेघ कल्पा, त्या रेघेपासून मुखापर्यंत पाव-पाव वेटोळं मोजा. "साडेचार" आणि "पावणेपाच" यांतला फरक लहान जातींत खरोखर कामाचा असतो.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: अर्धवट वाढलेल्या शंखाला नवी जात समजणं. झाकणवाल्या सायक्लोफोरिडी आणि बारीक प्यूपासारख्या, म्हणजे कीटकाच्या कोशाच्या आकाराच्या, गोगलगायी वाढ पूर्ण झाली की मुखाची कड जाड करतात किंवा बाहेर वळवतात, त्यामुळे पूर्ण वाढ ओळखू येते. ॲरिओफँटिडीत कड शेवटपर्यंत पातळ, साधीच राहते. तिथे २ सेंमीचा शंख पूर्ण वाढलेला की पोरगेलासा, हे शंख सांगत नाही, जननेंद्रियं सांगतात.

गोदाकाठची_नोंद

खूप उपयोगी, धन्यवाद. ग ची डबी पुन्हा उघडली. खरंच तीन प्रकार निघाले, आणि काचेसारख्याच्या मुखात दात आहेत. च मागच्या कॅमेऱ्यानं पुन्हा टिपला, चिठ्ठी ठेवून. डावाच आहे.

घ चं झाकण पातळ, शिंगासारख्या पदार्थाचं, त्यावर मध्यापासून बाहेर येणारी बरीच वर्तुळं. मुखाच्या वरच्या कोपऱ्यात कडेला छोटा पंखासारखा पदर आहे. शिवाय दोन प्रश्न. जुन्या यादीत ॲकॅटिना फुलिका आहे, नव्यात लिसाकॅटिना. जुन्या यादीत सबुलिनिडी कुळ आहे, नव्या यादीत ते सापडतच नाही. कोणतं धरायचं? आणि पालापाचोळ्यातले बारीक शंख शोधायची नीट रीत काय? हातानं चाळून फार काही मिळत नाही.

शंखशिखर

गोल मुख, अनेक वेटोळ्यांचं झाकण आणि सांध्याजवळ पंख, म्हणजे सायक्लोफोरिडीतल्या टेरोसायक्लसच्या बाजूचा. झाकण हरवू नका. झाकणाशिवाय ही मंडळी निम्मीच ओळखता येतात. याच कुळात सायॅथोपोमा नावाच्या १ ते ३ मिमीच्या गोगलगायी आहेत, त्यांचं झाकण चुन्याचं आणि वाटीसारखं असतं. त्या पाचोळ्यातच मिळतील.

नावांचं. लिनियसनं १७५८ मध्ये जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायी हेलिक्स या एकाच वंशात घातल्या होत्या. पुढे शंखाच्या आकारावरून वंश फुटत गेले. १८५५ मध्ये अडॉल्फ श्मिट यांनी टोकावर डोळे असणाऱ्यांना स्टायलोमॅटोफोरा हे नाव दिलं. १९०० मध्ये पिल्सब्री यांनी मूत्रपिंड आणि मूत्रनलिका यांच्या मांडणीवरून त्यांचे मोठे गट पाडले, आणि विसाव्या शतकाचा बराच काळ तेच गट पुस्तकांत राहिले. डीएनए वाचता येऊ लागल्यावर त्यांतले काही टिकले, काही मोडले. २००५ मध्ये बुशे आणि रोक्रोआ यांनी कुळांची नवी मांडणी केली, २०१७ मध्ये बुशे आणि सहकाऱ्यांनी ती सुधारली. त्या सुधारणेत सबुलिनिडी स्वतंत्र कुळ न राहता ॲकॅटिनिडीत गेलं. म्हणजे तुमच्या बागेतली १ सेंमीची ॲलोपिअस आणि ७ सेंमीची शंखी आज एकाच कुळात आहेत. लिसाकॅटिना आधी ॲकॅटिनाचा उपवंश होता, आता वंश आहे. प्राणी तोच.

भारतातल्या जुन्या नोंदींची किल्ली म्हणजे ब्रिटिश भारताच्या प्राणिमालिकेतले जमिनीवरच्या मृदुकाय प्राण्यांचे तीन खंड: १९०८, १९१४ आणि १९२१ चे. झाकणवाल्यांचा खंड १९२१ चा. हक्क संपलेले असल्यानं इंटरनेटवर मोफत मिळतात. १९०८ च्या खंडात ॲरिओफँटा, मॅक्रोक्लॅमिस ही मंडळी झोनिटिडी या कुळाखाली आहेत. आज त्यांना ॲरिओफँटिडीत शोधायचं. यादीत तीन रकाने करा: जुन्या पुस्तकातलं नाव, आजचं स्वीकारलेलं नाव, आणि तुम्ही कोणत्या पुराव्यावर ते दिलंत (फोटो, शंख, जिवंत प्राणी, विच्छेदन, डीएनए). आजचं नाव मोलस्काबेस या जागतिक नामसूचीवर तपासा. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण नाव पुन्हा बदललं तरी पुरावा बदलत नाही.

पाचोळ्याची रीत दुसऱ्या कुणीतरी सांगावी, रोज करणारे इथे आहेत.

पाचोळा_चाळणी

सांगते. भारतात जमिनीवरच्या अकराशेहून अधिक जाती नोंदल्या आहेत, पश्चिम घाटात त्यांतल्या सुमारे २७०, आणि त्या २७० पैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. उष्ण कटिबंधातल्या जंगलांत जातींचा मोठा वाटा ५ मिमीच्या खालचा असतो. म्हणजे फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या गोगलगायी मोजल्या तर यादी अर्धीमुर्धीच होणार, आणि घाटातली स्थानिक विविधता नेमकी त्या न दिसलेल्या भागात राहून जाते.

जागा: २० बाय २० मीटरचा चौकोन आखा. दोघांनी एक तास हातानं शोधायचं: दगडांखाली, कुजलेल्या लाकडाखाली, खोडावर, पानांच्या खालच्या बाजूला. मग त्याच चौकोनातून ४ लिटर पाचोळा आणि वरची भुसभुशीत माती. एका ठिकाणचा ढीग उचलू नका. झाडांच्या बुंध्याशी, दगडाच्या कडेला, खळग्यात, अशा आठ-दहा ठिकाणांहून मूठमूठ. कापडी पिशवीत न्या. प्लास्टिकमध्ये घाम सुटून एका रात्रीत बुरशी येते.

घरी कागदावर पातळ पसरून पूर्ण वाळवा. त्याआधी जिवंत काही फिरतंय का ते दोन दिवस बघून वेगळं काढा. मग चाळण्या: ५ मिमी, २ मिमी, १ मिमी, ०.५ मिमी. वरचा थर हातानं बघा. २ मिमी आणि १ मिमीचे थर पांढऱ्या ताटलीत चमचा-चमचा पसरून १० पट भिंगाखाली, ओल्या बारीक कुंचल्यानं शंख उचला. चिमटा वापरू नका, फुटतात.

०.५ मिमीचा थर फार वेळखाऊ. त्यासाठी बादलीत पाणी घेऊन त्यात तो थर ओता, हलकं ढवळा, तरंगलेलं चहाच्या गाळणीनं काढा आणि वाळवून बघा. रिकाम्या शंखात हवा असते म्हणून तो तरंगतो, माती खाली बसते. इथे बिघडतं ते दोन कारणांनी. माती पुरती वाळलेली नसेल तर शंखात पाणी आणि चिखल राहतो, तो बुडतो, आणि आपण म्हणतो इथे काही नाही. दुसरं, आत प्राणी असलेले शंख बुडतात, म्हणून तळाचा गाळही एकदा भिंगाखाली घ्यायलाच हवा. आपल्याकडे पावसाळ्यात वाळवणं हीच अडचण. पाचोळ्याचे नमुने मार्च ते मे मध्ये घ्या, जिवंत शोध जुलै ते सप्टेंबरमध्ये. दोन्ही मिळून एक नोंद.

नाशिकची जागा या अभ्यासासाठी फार चांगली आहे हे आवर्जून सांगते. इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या पुढे पाऊस, शहरात साधारण ७०० मिमी, सिन्नरकडे त्याहून कमी, आणि हे सगळं ऐंशी किलोमीटरच्या आत. इगतपुरी, त्र्यंबकची डोंगररांग, पांडवलेणी, सिन्नर अशा चार जागी प्रत्येकी तीन चौकोन घेतले तर ओलाव्याप्रमाणे जाती कशा बदलतात ते स्पष्ट दिसेल. झाकणवाल्या ओल्या टोकाला, झूटेकस कोरड्या टोकाला, अशी अपेक्षा ठेवून जा. अपेक्षा चुकली तर ती जास्त मोलाची नोंद.

चुनाही बघा. शंख जवळजवळ पूर्ण कॅल्शियम कार्बोनेटचा. घाटमाथ्यावरच्या धुऊन गेलेल्या तांबड्या मातीत कॅल्शियम कमी, तिथे शंख पातळ आणि संख्या विरळ. किल्ल्यांवरच्या आणि पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या चुन्यात बांधलेल्या भिंतींचा पायथा, आणि काळ्या मातीत जिथे पांढरे चुनखडे वर येतात त्या जागा, वेगळ्या नोंदवा. त्या चौकोनात मिसळू नका.

नदीकाठचा पुराचा गाळ मोहक असतो, एका ओंजळीत शेकडो शंख. पण तो वरच्या साऱ्या खोऱ्यातून वाहून आलेला असतो, आणि त्यात पाण्यातले शंखही भरपूर मिसळलेले. "गोदाकाठी आढळली" असं त्यावरून लिहू नका.

शेवटी हिशेब. जिवंत आणि मेलेले वेगळे मोजा. जे एकदाच मिळाले आणि जे दोनदाच मिळाले त्यांची संख्या लिहा. समजा १८ जाती मिळाल्या, त्यांतल्या ६ एकेकदाच आणि ३ दोनदोनदाच. ६ चा वर्ग ३६, त्याला ३ च्या दुपटीनं, म्हणजे ६ नं भागलं की ६. १८ अधिक ६, म्हणजे तिथे निदान २४ च्या आसपास जाती असाव्यात. याला चाओ-१ अंदाज म्हणतात. एकेकदा मिळालेल्या जास्त असतील तर काम अजून संपलेलं नाही असं समजा.

निफाडचा_मांडव

विषय थोडा बाजूला नेतो. द्राक्षबागेच्या बांधावर क प्रकार, म्हणजे शंखी, वाढलीय. मीठ टाकलं तर मरते हे माहीत आहे, पण बागेत मीठ टाकणं पटत नाही. दुसऱ्या देशांत हिला खाणारी गोगलगाय सोडतात असं ऐकलंय. इथे ते शक्य आहे का?

शंखशिखर

ते कृपया डोक्यातूनही काढून टाका. हवाईत १९५५ मध्ये शंखीला खायला युग्लँडिना रोझिया ही मांसाहारी गोगलगाय सोडली. तिनं शंखी आटोक्यात आणली नाही, तिथल्या झाडांवरच्या स्थानिक गोगलगायी खाल्ल्या. ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर १९७७ मध्ये तेच केलं, आणि दहा-एक वर्षांत तिथल्या पार्टुला वंशाच्या जाती रानातून संपल्या. पश्चिम घाटात असं काही सुटलं तर वर मोजलेल्या २७० जातींपैकी किती उरतील ते कुणी सांगू शकणार नाही.

बागेत करायचं ते असं. पोती गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधालगत सात-आठ मीटरवर पसरा, खाली पपईची किंवा कोबीची पानं. सूर्य वर यायच्या आत पोती उलटा, हातमोजे घालून शंखी गोळा करा, आणि बादलीतल्या मिठाच्या किंवा साबणाच्या घट्ट पाण्यात बुडवा. मीठ बादलीतच राहू द्या. ते पाणी वेलीच्या आळ्यात ओतू नका, क्षारानं मुळांना त्रास होतो. मेलेल्या शंखी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. नुसत्या बांधापलीकडे फेकलेल्या परत येतात. पहिल्या पावसानंतरचे तीन-चार आठवडे हे रोज केलं तर परिणाम दिसतो, कारण एक शंखी एका वेळी शंभर ते चारशे अंडी घालते. पिवळसर पांढरी, ४-५ मिमीची अंडी भुसभुशीत मातीत किंवा दगडाखाली पुंजक्यानं असतात, तीही काढा.

खोडांना बोर्डो पेस्ट लावलीत तर त्यातल्या तांब्यामुळे वर चढायला अटकाव होतो. पावसानं धुऊन गेली की पुन्हा लावावी लागते. मेटाल्डिहाइड या गोगलगायी मारणाऱ्या औषधाच्या २.५ टक्के गोळ्या सोयाबीनमध्ये एकरी २ किलो सांगतात. मराठवाड्यात २०२२ मध्ये शंखीनं सोयाबीनची रोपं खाल्ली तेव्हा त्यांचा वापर झाला. द्राक्षासाठी मात्र डब्याच्या लेबलवर शिफारस आहे का, आणि निर्यातीची बाग असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत ते औषध बसतं का, हे आधी पाहा. गोळ्या कुत्र्यांना आवडतात आणि त्यांना घातक ठरतात, ढीग कधीच करू नका. आणि गोळी शंखी कोण, स्थानिक कोण हे ओळखत नाही. बांधावर झाडी असेल तिथे हातानंच वेचा.

उघड्या हातांनी नको, हे पुन्हा सांगतो. शंखीच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातल्या कृमीची पिल्लं असू शकतात, ती माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. मुलांना खेळायला देऊ नका, बागेतली पालेभाजी नीट धुवा.

स्पिरिट_आणि_चिठ्ठी

मूळ प्रश्नातला जपण्याचा भाग राहिला.

जिवंत गोगलगाय सरळ स्पिरिटमध्ये टाकली की ती आत आकसते, तोंड चिकट बुळबुळीनं बंद होतं, स्पिरिट आत जात नाही आणि शरीर आतल्या आत कुजतं. विच्छेदनाला काही उरत नाही. म्हणून आधी पाणी उकळून पूर्ण गार करा (उकळल्यानं त्यातली हवा निघते), बरणी काठोकाठ भरा, गोगलगाय आत सोडा, बुडबुडा न ठेवता झाकण लावा. १२ ते २४ तास. मेंथॉलचा छोटा खडा टाकला तर अंग बाहेर राहून सैल पडतं. काष्ठौषधींच्या दुकानात तो पुदिन्याचं फूल म्हणून मिळतो. बरणी फ्रीजमध्ये ठेवा, उन्हाळी खोलीत २४ तासांत वास सुटतो. शिंगांना सुई लावून हालचाल नाही ना ते बघा, मग ७० टक्के इथेनॉलमध्ये. ९६ टक्क्यांचं ७३ मिली घेऊन पाणी घालत १०० मिलीपर्यंत न्या. दुसऱ्या दिवशी ते बदला, कारण अंगातल्या पाण्यानं ते पातळ झालेलं असतं.

डीएनए हवा असेल तर हा मार्ग चालत नाही. बुडवण्याआधी पायाच्या टोकाचा तांदळाएवढा तुकडा ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी इथेनॉल घेऊन, वेगळा ठेवा. त्याच क्रमांकाची चिठ्ठी दोन्हीकडे. फॉर्मालिन नको. ते आम्ल होत जातं, शंख झिजतो आणि डीएनए निकामी होतो.

झाकणवाल्यांचं झाकण वाळल्यावर गळून पडतं. मुखात कापसाचा बोळा घालून त्यावर झाकण किंचित डिंकानं चिकटवा.

रिकामे शंख प्लायवूडच्या कपाटात किंवा लाकडी पेटीत ठेवू नका. लाकडातून निघणारी आम्लाची वाफ आणि नाशिकची पावसाळी दमट हवा मिळून शंखावर पांढरी पूड धरते आणि तो हळूहळू झिजतो. काचेच्या नळ्या, त्या प्लास्टिकच्या डब्यात. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. चिठ्ठी नळीच्या आत, बाहेर चिकटवलेली गळून पडते. तीवर जागा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, अधिवास (पाचोळा, खोड, भिंत), आणि गोळा करणाऱ्याचं नाव. प्राण्याचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर, म्हणजे पुढे कुणी दुरुस्त केलं तरी पहिली चिठ्ठी तशीच राहते.

गोळा करण्याआधी परवानगी. वनजमिनीवरून रिकामा शंख उचलायलाही वनविभागाची लेखी परवानगी घ्या. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे तर नक्कीच. परवानगी येईपर्यंत फोटो, मोजमाप आणि शहरातल्या बागांवर काम करता येतं. नमुने मंडळाच्या कपाटात कायमचे ठेवू नका. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे आधी पत्र लिहून त्यांच्या पद्धतीनं जमा करा. च आणि घ यांची नेमकी जागा सार्वजनिक नोंदीत तालुक्यापर्यंतच द्या, अक्षांश-रेखांश चिठ्ठीवर राहू द्या.

गोदाकाठची_नोंद

क, ख, छ, ज यादीत घेतले, पुराव्याच्या रकान्यासह. ख आणि छ वंशापर्यंत आणि कुळापर्यंतच. ज ची पोटाकडची बाजू टिपली: कुशीवर भोक नाही, पायाची पट्टी अरुंद आहे. ग चे तीन वेगळे क्रमांक केले. इगतपुरीच्या चौकोनासाठी परवानगीचा अर्ज लिहून झालाय, च आणि घ तोपर्यंत "फोटो" या पुराव्यावरच राहतील. चाळण्या १ मिमी आणि ०.५ मिमीच्या आणल्यात. घराजवळच्या कुंड्यांची माती वाळत घातली आहे.

पाचोळा_चाळणी

कुंडीच्या मातीवर सराव करताय ते उत्तम. एक करा: चाळण्याआधी मातीत स्वतःहून दहा ॲलोपिअसचे रिकामे शंख, खूण करून, मिसळा. शेवटी त्यांतले किती परत मिळाले ते मोजा. सातच्या खाली आले तर माती ओली राहिलीय किंवा डोळा अजून बसलेला नाही. इगतपुरीचा पाचोळा त्यानंतरच उघडा.